शॉकअपमधली हवा

वर्षाराणी पडली ती नेमकी हरिओमच्या गॅरेजसमोर, आणि तीही मेंढरांच्या मधोमध.

दिंद्रुडच्या रस्त्यावर श्रावणाची भुरभुर चालू होती. मेंढरं आडवी आली म्हणून तिने ब्रेक दाबला, पाय खाली टाकला... आणि पाय जमिनीला पोचलाच नाही. ती भलीमोठी लाल मोटारसायकल सावकाश, अगदी लाजत-लाजत कलली आणि बाईसाहेब चिखलात! हरिओम हातातला पाना टाकून धावला. त्याने हात पुढे केला, तर तिने त्या हातात खांद्यावरची निळी पेटी दिली.

"आधी ही धरा. लसीच्या बाटल्या हायत. मी काय, फुटत न्हाई."

पेटी छातीशी धरून हरिओम बघतच राहिला. तिच्या केसांतून पाणी ओघळत होतं, गालावर चिखलाचा ठिपका होता आणि ती चक्क हसत होती. गडी त्याच क्षणी कामातून गेला. त्याच्या लक्षात यायला मात्र पुढे बरेच दिवस लागले.

वर्षाराणी त्या भागात नव्याने आलेली पशुधन पर्यवेक्षक, शिरूर कासारकडच्या मेंढपाळाघरची लेक. माळामाळाने फिरून मेंढरांना लस टोचणं हे तिचं काम. गाडी तिने एका पुढाऱ्याच्या लेकाकडून जुनी घेतली होती. त्या हौशी पोराने मागच्या चाकाला स्प्रिंगऐवजी हवेचे शॉकअप बसवले होते आणि हौस फिटल्यावर गाडी विकून टाकली होती.

"हवा सोडली की गाडी खाली बसंल, तुमचे पाय टेकतील," हरिओमने समजावलं. "पण मग मऊ पडंल, खडकावर आपटंल. हवा भरली तर कडक होईल, पण उंच."

"मला बुटकी पण पाहिजे अन् कडक पण."

"दोन्ही न्हाई भेटत, मॅडम."

"मग मधलं कायतरी काढा. अन् मॅडम नका म्हणू... मेंढरं सुदिक म्हणत न्हाईत मला."

शेजारीच त्याच्या आईचं, साखराबाईचं, शिलाईचं दुकान होतं. हरिओमने तिथून टेप आणली. मोकळी गाडी किती उंच, वर्षाराणी पेटीसकट बसल्यावर किती दबते, हे मोजून बारीक हातपंपाने हवा भरली. उंची तरी जास्तच वाटली, तेव्हा सीटमधला फोम दोन बोटं कापला.

"टेकले!" ती लहान पोरीसारखी ओरडली. शिलाई मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती दारात हजर. "हवा उतरली वाटतं."

हरिओमने पुन्हा भरली. त्याच्या पुढच्या बाजारलाही तेच! त्याने व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं, एक बुडबुडा येईल तर शपथ. पुण्याहून नवीन सील मागवून बसवलं, तरी हवा उतरलेलीच. पंप चालेपर्यंत ती स्टुलावर बसून चहा प्यायची, कुठल्या माळावर कोणत्या बोकडाने तिला धडक दिली ते रंगवून सांगायची. खोटं कशाला बोलायचं, त्याला फार बरं वाटायचं. पंपाचे झटके तो मुद्दाम हळू मारायचा.

पण मनात भीती बसली होती. अशीच एखाद्या उतारावर हवा गेली आणि ही खडकावर आपटली तर? मन घट्ट करून तो बीडला गेला आणि साधे स्प्रिंगचे शॉकअप घेऊन आला. ते बसवले की तिचं येणं संपणार, हे त्याला कळत होतं. परतीच्या वाटेवर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाजारच्या दिवशी त्याने ते तिच्यापुढे ठेवले. "ह्याच्यात हवेची भानगडच न्हाई. परत यायचं काम पडणार न्हाई."

"कधीच?"

"चार-पाच वर्सं तरी."

तिचा चेहरा पार उतरला. "मग... तुमाला सुटल्यासारखं वाटंल की."

त्याने नटाला पाना लावला, पण हात फिरेना. "न्हाई वाटणार," तो मान खाली घालून म्हणाला. "तुमी न्हाई आल्या तर करमणार न्हाई मला. पण तुमी पडलेल्या... ते तर बघवणारच न्हाई."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजू लागला. वर्षाराणीने केसांतली पिन काढली आणि त्याच्या काळ्या तळहातावर ठेवली.

"सील चांगलं हाय. हवा मीच सोडत होते, ह्या पिनेनं... वळणावरच्या त्या बाभळीखाली. तुमच्याकडं यायला कायतरी कारण नको का?"

"अन् मी पुण्याहून सील मागवलं!"

"मी म्हणलं होतं का, मागवा म्हणून?"

"दर बाजारला बाभळीखाली गाडी थांबती," शेजारून साखराबाईचा आवाज आला. "दिसतंय की मला हितून."

"मग सांगितलं कावून न्हाई, आई?"

"गिऱ्हाईक तुझं. मी कशाला मधी बोलू?"

हरिओमने नवे शॉकअप परत पोत्यात गुंडाळले. हसू काही आवरत नव्हतं. "हवा मग... नेहमीएवढीच?"

"न्हाई." ती ओढणीच्या टोकाशी बोलली. "दोघांची भरा."

"अंदाजानं जमत न्हाई. दुसऱ्याला बसवून मोजावं लागतं."

"मग बसा की!"

तो मागे बसला, मध्ये चांगली वीतभर जागा सोडून. गाडी खाली दबली. आता दोघंही गाडीवर, मोजणार कोण? गळ्यात टेप टाकून साखराबाई आली आणि वाकली.

"जागा कशाला सोडली रे? नीट सरकून बस. माप चुकतंय."

मग तिने स्वतःच पंप जोडला आणि दणादण मारायला सुरुवात केली. गाडी दोघांना घेऊन हळूहळू वर उठू लागली.

"मावशी, बास!" वर्षाराणी हसत ओरडली. "माझे पाय सुटले जमिनीवरनं!"

"असू द्या, वर्षाराणी," मागून तो हळूच म्हणाला. "माझे टेकलेत."