चार बोल्टांचा व्हॉल्व्ह

बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी एक व्हॉल्व्ह काढून आणायचा, काम एवढंच होतं. न्यूपोर्ट न्यूज बंदराच्या गोदीत मी तीस वर्षं पाइप जोडले. मला वाचता येत नाही, पण स्वतः बसवलेला पाइप मी अंधारात हात लावून ओळखते.

धक्क्याला एक म्हातारं विमानवाहू जहाज बांधून ठेवलं होतं. पोटातलं अणुइंधन काढून नेलेलं, तोडायची वाट बघत पडलेलं. त्याच नकाशावरून बांधलेलं धाकटं जहाज सोमवारी समुद्रात निघणार होतं, आणि माझा मुलगा लॉन्झेल त्याच्या तळाशी पंपांवर कामाला होता. तिथला आग विझवायच्या पाण्याचा व्हॉल्व्ह तडकलेला. तसा व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता.

"ठिगळ लावून पाठवू," साहेब म्हणाले.

"तुमचा पोरगा नाही ना खाली," मी म्हटलं. "म्हाताऱ्या जहाजावर आहे तसाच. मी आणते."

सोबत प्रूडेन नावाचा नवा इंजिनिअर दिला. बगलेत नकाशांची गुंडाळी. "मिस अर्डेला, काळजी नको. नकाशात सगळं आहे."

"गंज आहे का रे त्यात?"

सात मजले खाली उतरलो. बाहेर रणरणतं ऊन, आत बॅटरीपुरता उजेड. गार लोखंडाचा आणि शिळ्या तेलाचा वास. बंद पडलेल्या जहाजात आपलाच श्वास भिंतींवरून परत येतो, आणि थोडा उशिरा येतो.

व्हॉल्व्ह सापडला. चार बोल्ट, पोलादी भिंतीच्या आरपार. असे बोल्ट दोघांनी काढायचे. एकाने अलीकडून फिरवायचं, दुसऱ्याने पलीकडच्या खोलीत नट पान्यात धरायचा. भिंतीआड हाक पोचत नाही, म्हणून आम्ही ठोके देतो. एक ठोका म्हणजे धर. उलट एक ठोका आला की समजायचं, धरलंय.

प्रूडेनला पलीकडे धाडलं. थोडं थांबून ठोका दिला. उलट ठोका आला. पहिला बोल्ट सुटला, दुसरा, मग तिसरा. पोरगा कामाचा निघाला, म्हटलं.

"मिस अर्डेला..."

आवाज मागून आला. प्रूडेन दारात उभा, घामाने निथळत.

"पलीकडे वाटच नाही. ती खोली बाहेरून वेल्डिंग करून बंद केलीय... फार जुनं काम आहे. मी कधीचा फिरतोय..."

भिंतीतून ठोका आला. मी दिलेला नसताना.

"वर चला..." तो कुजबुजला.

"एक बोल्ट राहिलाय."

"पण पलीकडे... कोण आहे?"

"धरणारा आहे. आत्ता तेवढं पुरे."

मी ठोका दिला, उलट ठोका आला. चौथा बोल्ट सुटला, व्हॉल्व्ह माझ्या कुशीत आला. त्याच्या जागी मुठीएवढं काळं भोक उरलं. नट मात्र पलीकडेच. त्या आट्यांचे नट आता कुठे मिळत नाहीत. मी भोकाला तोंड लावलं.

"नटही लागतील. त्या जहाजावर माझा मुलगा आहे."

मी भोकाखाली ओंजळ धरली. मग आतून खडखडत एकेक नट घरंगळत आला. चार आले. मी ओंजळ मागे घेणार, तोच पाचवा आला.

चार नट धाकट्या जहाजाला बसले, सोमवारी ते निघालं. पाचवा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. लॉन्झेल समुद्रात असला की तो उबदार लागतो, जणू कुणी धरलाय; बंदरात आला की गार. दोन वर्षं अशीच गेली.

आज सकाळपासून नट गार आहे. लॉन्झेलचं जहाज अजून समुद्रातच आहे.

म्हणून मी पाना काढला, बूट चढवले आणि प्रूडेनला फोन लावला. "वेल्डिंग कापायचा टॉर्च घे. म्हाताऱ्या जहाजावरची ती खोली उघडायची. जो कोण आहे त्याला मी स्वतः विचारणार आहे."



"मिस अर्डेला... ती काल रात्रीच उघडलीय. कापलीय, पण... आतून."