छत्तिसाच्या पुढे

ठरलेल्या रेषेवरून शेवटपर्यंत चालत जाणं हीच संस्कृती, बाकी सगळं जंगल, असं गेरनोट ब्रूनचं गंभीर मत होतं. हे मत त्याने हॅनोव्हर स्टेशनबाहेर सॉसेज खाता खाता मांडलं, त्यामुळे संस्कृतीला थोडा मोहरीचा सॉस लागला.

"हनुवटी पूस," त्याची बायको हाइडरून म्हणाली.

नोव्हेंबरातला मृतांचा रविवार होता. दुकानं बंद, नाचगाणी बंद, दफनभूमी तेवढी उघडी. गर्दी नसते म्हणून गेरनोटने मुद्दाम हाच दिवस निवडला होता. फरसबंदीवर रंगवलेली लाल रेष धरून चाललं की छत्तीस प्रेक्षणीय स्थळं ओळीने भेटतात आणि शेवटी चालणारा पुन्हा स्टेशनसमोर, घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्याशी येऊन पोचतो. स्टेशनवर भेटायचं ठरवताना इथले लोक 'शेपटीखाली भेटू' म्हणतात, ती याच घोड्याची शेपटी. एकतीस वर्षं बांधकामाचे परवाने तपासून निवृत्त झालेल्या माणसाला याहून रम्य सहल सुचणं शक्य नव्हतं.

हाइडरूनच्या कोटाच्या खिशात एक किल्ली होती. ल्युनेबर्गमधल्या दोन खोल्यांची, एकाच माणसासाठी घेतलेल्या. ते आज ती गेरनोटला सांगणार होती, आणि सकाळपासून दर स्थळाला पुढच्या स्थळावर ढकलत होती.

युद्धात छप्पर गमावलेल्या चर्चपाशी तिने धीर केला. "गेरनोट, मला काही बोलायचंय."

"छत्तीस झाल्यावर." त्याने हातातल्या स्थळांच्या पुस्तिकेत खूण केली. "मधेच बोललं की क्रम चुकतो."

तेवढ्यात सायकल हातात धरून चाललेला एक म्हातारा थांबला. "शेजारी शेजारी काय चालता? मागेपुढे चाला! रेष एका माणसापुरती आहे!"

"बरोबर आहे तुमचं," गेरनोट म्हणाला, आणि त्याने बायकोला मागे घातलं.

मागून चालताना तिला रेष नीट दिसू लागली. सकाळी ती झिजलेली, फिकट होती. नगरभवनापाशी ती जाड झाली. नदी ओलांडली तेव्हा टर्पेंटाइनचा वास येऊ लागला. हाइडरूनच्या बुटांचे तळ लाल झाले. पुढे चाललेल्या गेरनोटचे स्वच्छ होते.

जुन्या वस्तीत खिडक्यांच्या कठड्यांवर उशा ठेवून, त्यांवर कोपरं टेकून माणसं बघत होती. हाइडरूनने एकीला नमस्कार केला. बाईने तिच्या बुटांकडे पाहिलं आणि काहीतरी कुजलेलं दिसावं तशी खिडकी लावून घेतली.

चार वाजता ती दोघं शेपटीखाली पोचली. पायाशी छत्तीसचा आकडा होता.

रेष तिथे संपली नव्हती. ती वळून स्टेशनच्या मागच्या अंगाला गेली होती.

"पुस्तिकेत नाही हे." गेरनोटच्या आवाजात तिने कित्येक वर्षांत न ऐकलेला आनंद होता. "चूक आहे! बघायलाच हवं."

"तू म्हणाला होतास, छत्तीस झाल्यावर."

"रेष संपल्यावर, असा त्याचा अर्थ. चल."

रेल्वेच्या पुलाखालून ती दोघं रेषेमागून गेली. पलीकडे रुंद, रिकामा रस्ता होता. रेष सिग्नलपाशी थबकून पलीकडे जात होती. दिवा लाल होता. नऊ-दहा माणसं थांबली होती, हातात तीच पुस्तिका. काहींच्या पुस्तिका पार पिवळ्या पडल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडली होती.

"फार वेळ झाला का थांबून?" हाइडरूनने शेजारच्या गृहस्थाला विचारलं.

"लाल आहे," तो दात आवळून म्हणाला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. एकही गाडी आली नाही.

"गेरनोट, मी घर घेतलंय. ल्युनेबर्गला. एकटीसाठी."

"लाल आहे, हाइडरून."

"मी जातेय."

"लाल असताना?"

तिने पाऊल खाली टाकलं.

मागून सगळे एका आवाजात ओरडले, "मुलं बघताहेत!"

लाल दिव्यात रस्ता ओलांडणाऱ्यावर असंच ओरडायचं असतं. रस्त्यावर एकही मूल नव्हतं. गेरनोटचा आवाज तिला त्यात वेगळा ओळखू आला.

पलीकडे पोचून ती वळली.

दिवा हिरवा झाला होता.

कुणीच हललं नाही.

"गेरनोट! हिरवा आहे!"

तो दिव्याकडे बघत होता. त्याच्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा होती.

तिने डोळे पुसायला मान खाली घातली. वर केली तेव्हा समोरचा फुटपाथ रिकामा होता.

पोलीस चौकीतल्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे यजमान थांबले, आणि तुम्ही लाल असताना ओलांडलात."

"हो."

"पाच युरो."

दुसऱ्या दिवशी तो बिचारा स्वतः तिच्याबरोबर आला. रेष शेपटीखाली संपत होती. रंग वाळलेला, झिजलेला होता. पुलापलीकडे सिग्नल मात्र होता. अधिकाऱ्याने घड्याळ काढून वेळ मोजली आणि वहीत लिहून घेतली.

तिथला लाल दिवा एक्केचाळीस सेकंदांचा असतो.