टॉर्पींच्या दगडापाशी

"ब्रश खाली ठेवा! आधी तो ब्रश खाली ठेवा."

कबरीपुढे गुडघे टेकून बसलेला तरुण दचकला. हातात तारेचा ब्रश, गुडघ्यांना चिखल आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"शेवाळ काढत होतो... नाव वाचायचं होतं."

"शेवाळाबरोबर नावही निघेल," मुरेन म्हणाली. "दीडशे वर्षांच्या पावसाला जमलं नाही, ते तुम्ही एका सकाळीत करून दाखवाल."

तिच्या काखेत कपाटाच्या दाराचा जुना आरसा होता. त्याने आरशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हा माझ्यासाठी?"

"तोंड बघायला नाही. धरा इथे. थोडा तिरका... अजून. आता हलू नका."

समुद्रावरून आलेली सर नुकतीच सरली होती. ढगांच्या फटीतून ऊन उतरलं, आरशातून दगडावर आडवं सरपटत गेलं आणि सपाट, मुक्या पाटीवर बारीक सावल्या उठल्या. एक अक्षर. मग दुसरं. आतून कोणी लिहीत असावं तसं नाव वर आलं.

मुरेन शाळेत विज्ञान शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या कबरींची नोंद करायची. उजेड तिरका पडला की उथळ खाचेलाही सावली मिळते, एवढंच हे – तिला ठाऊक होतं. तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. त्याच्याही हातावर तो आलेला तिने पाहिला.

"कॉन्सिडाइन," त्याने वाचलं. "हे माझे नव्हेत."

"नाहीतच. तुम्ही माझ्या खापरपणजोबांना घासत होता."

त्याचं नाव जोएल. न्यूझीलंडहून आला होता. पिशवीत एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात आजीची रक्षा. "मला माझ्या आईच्या माणसांत ठेव," एवढंच आजी शेवटी म्हणाली होती. आजीची आई, होनोरा टॉर्पी, सोळाव्या वर्षी याच गावातून निघून बोटीवर चढली. पण टॉर्पी इथे पैशाला पासरी! गावच्या चर्चच्या फादर क्विलिगन यांनी बजावलं होतं, "कबर कुठली ते कळल्याशिवाय माती उकरू देणार नाही. भलत्याच्या घरात पाहुणी कशी घुसवू?"

येत्या रविवारी गावातल्या सगळ्या कबरींना आशीर्वाद द्यायचा होता. मंगळवारी जोएलचं विमान.

"नाही सापडली तर?" मुरेनने विचारलं.

"आजीला परत नेईन." तो हसला, पण पेटीवरचा हात काही काढला नाही.

पुढचे दिवस फादरांच्या घराच्या मागच्या खोलीत गेले. खिडकीवर पाऊस, टेबलावर जुनी बाडं, आणि चहा गार होईपर्यंत चालणारे वाद.

"ही आमची होनोरा नाही," जोएलने पान उलटलं. "सरकारी दाखल्यात जन्म मार्चमधला. हिचा बाप्तिस्मा फेब्रुवारीत झालाय."

मुरेनला हसू आवरेना.

"हसायला काय झालं?"

"अहो, इथली अर्धी माणसं जन्माआधीच बाप्तिस्मा घेऊन बसलीत! जन्म उशिरा नोंदवला की दंड व्हायचा. मग बाप काय करणार? कचेरीत जाऊन पोरीला महिनाभराने लहान करून टाकायचा. पाद्र्याशी खोटं बोलायची हिंमत नव्हती... सरकारशी बोलायला कसली लाज?"

"म्हणजे आम्ही दर वर्षी पणजीचा वाढदिवस –"

"दंडाच्या भीतीचा साजरा करत होता."

बाप्तिस्म्याच्या ओळीत दाखल्यात नसलेला एक शब्द होता. गावात पॅट्रिक टॉर्पी नावाचे चार जण. म्हणून पाद्र्याने बापाच्या नावापुढे खूण जोडली होती : 'तांबडा'. दफनाच्या वहीत चौघेही सापडले, पण तांबडा एकच. उत्तरेची भिंत, हॉथॉर्नच्या झुडपाखाली.

मुरेनने जोएलच्या तांबड्या दाढीकडे पाहिलं. "पुरावा रोज समोर बसत होता आणि मी कागद चाळत होते."

"नीट बघायचा होतात ना... तिरक्या उजेडात."

तिचे कान तांबडे झाले.

झुडपाखाली गुडघ्याएवढा दगड होता, घरच्याच कोणी छिन्नी मारून कोरलेला. आरशातलं ऊन त्यावर सरकलं. पॅट्रिक. ब्रिजेट. दोघांच्या पुढे वर्षं. आणि त्यांच्या खाली...

"होनोरा," जोएल पुटपुटला. "पण ती तर तिकडे..."

नावापुढे वर्ष नव्हतं. वर्षापुरती कोरी जागा सोडलेली होती. पोर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तरी आईबापांनी तिची जागा धरून ठेवली होती. मुरेनने आरसा त्या कोऱ्या जागेकडे वळवला आणि सगळी अक्षरं एकदम हलली.

रविवारी सारा गाव आपापल्या दगडापाशी उभा राहिला. इथे जो ज्या कबरीपाशी उभा, तो त्या घरचा. कोणाचं कुठे जुळलं, हे गावाला त्या दिवशी पाहूनच कळतं.

मुरेन कॉन्सिडाइनांच्या दगडापाशी, ब्रीडा आत्याशेजारी होती. फादर पाणी शिंपडत रांगेमागून रांग पुढे सरकत होते. दूर भिंतीजवळ शेजाऱ्यांनी खणून दिलेल्या लहानशा खड्ड्यापाशी जोएल एकटा, पेटी दोन्ही हातांत धरून.

"आत्या, मी जरा..."

"जरा कुठे?" आत्याने मान वळवली नाही. "तिकडे गेलीस की परत इकडे उभं राहता येत नाही, बाई."

"माहीत आहे."

"मग तो स्कार्फ तरी सारखा कर. सासरी जायचं ते असल्या ध्यानात?"

ओलं गवत तुडवत ती निघाली. प्रार्थना थांबली नाही, पण आवाज विरळ झाले. कुणीतरी कुणाला कोपर मारलं.

"तुझी माणसं तिकडे आहेत ना?" जोएलने हळूच विचारलं.

"आहेत. इथे उभं राहण्याचा अर्थ तुला कोणी सांगितला नाही वाटतं."

"सांगितला. सकाळी, तुझ्या आत्यांनी. म्हणाल्या – बोलावू नकोस. यायचं असेल तर येईल."

"आणि आले नसते तर?"

"तर मंगळवारचं विमान होतं."

होतं...? तिने वळून पाहिलं. तो पेटीकडे बघत हसत होता, डोळे भरलेले.

फादर त्या दगडापाशी आले. पेटीवर पाणी शिंपडलं, मग दगडावर. क्षणभर त्यांनी मुरेनकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि त्या दोघांसाठी हात पुन्हा पाण्यात बुडवला.