दोन दहाचा शोध

दार लोटून घे रे, आणि तू तो मोबाइल उलटा ठेव. गोष्ट ऐकायचीय ना? मग मध्येच कोणी खिदळायचं नाही. ही मी रचलेली नाही. तुमच्या आत्याच्या यजमानांच्या बाबतीत घडलेली आहे. आपण त्यांना मास्तर म्हणतो. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नाही, पण काही समजावून सांगायला बसले की समोरच्याची सुटका नाही, म्हणून मास्तर.

त्यांचं काम डेटाबेसचं. मोठ्या कचेऱ्यांच्या लाखो नोंदी कॉम्प्युटरमध्ये असतात. त्यातली एखादी मिळायला उशीर का लागतो, हे शोधून काढायचं. कॉम्प्युटरला जो प्रश्न विचारतात त्याला ते लोक क्वेरी म्हणतात. "क्वेरी रखडली तर कॉम्प्युटरला शिव्या देऊ नका," मास्तर म्हणायचे, "प्रश्न विचारणारा काय विचारतोय ते आधी बघा."

नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. एका मोठ्या हॉस्पिटलमधून फोन आला. तीन आठवडे रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिथल्या सगळ्या स्क्रीन रांगायला लागायच्या. तीन वाजले की आपोआप सुरळीत. आदल्या रात्री एका बाईला तातडीनं रक्त द्यायचं होतं, तर तिची नोंद उघडायलाच नऊ मिनिटं गेली. थोडक्यात वाचली. मास्तर जेवून, चहाचा थर्मास घेऊन निघाले. आत्यानं दारातून सांगितलं, "सकाळी येताना दूध आणा." इतकं नेहमीचं काम.

तळमजल्यावर एक लहानशी खोली. एक टेबल, एक खुर्ची, अंगात शिरणारा एसी. रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टरनी किल्ली दिली. पन्नाशीच्या बाई, शांत. "काही लागलं तर फोन करा, मी दुसऱ्या मजल्यावर आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

बरोबर दोन दहाला ती क्वेरी आली. मास्तरांनी लगेच पकडली. कोणीतरी एक पेशंट शोधत होतं. नाव रिकामं. मुलगा. वय तीनच्या आसपास. आणि शेऱ्यात कुठेही हे शब्द : डाव्या कानामागे तीळ.

आता हे नीट ऐका. नावानं शोधलं तर कॉम्प्युटर इंडेक्स बघतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी. थेट त्या पानावर जातो. पण शेरा म्हणजे नर्सनं चार ओळी मोकळ्या लिहिलेल्या. त्याची सूची नव्हती. मग चाळीस लाख नोंदी पहिल्यापासून एकेक उघडून वाचायच्या. नाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी गावभर दारोदार हिंडावं तसं. त्यातून तीन वाजता तिथलं बॅकअप, म्हणजे नोंदींची रोजची नक्कल, सुरू व्हायचं आणि रखडलेलं सगळं तोडून टाकायचं. म्हणजे हा शोध रोज अर्ध्यात तुटायचा. रोज पुन्हा पहिल्या दारापासून.

"कोणीतरी आपोआप चालणारा रिपोर्ट लावून विसरलंय," मास्तर मनाशी म्हणाले आणि त्यांनी ती क्वेरी बंद केली.

त्याच सेकंदाला ती परत सुरू झाली. एक अट वाढली होती. पायात एकच बूट.

पुन्हा बंद केली. पुन्हा आली. रडताना 'माऊ' म्हणतो.

मास्तरांचा हात कीबोर्डवरच राहिला. रिपोर्ट असं विचारत नाही.

कुठल्या मशीनवरून येतंय ते त्यांनी काढलं. 'नोंदणी खिडकी ३'. त्यांनी वर फोन लावला.

"सिस्टर, तीन नंबरची नोंदणी खिडकी कुठंय?"

सिस्टर हळूच म्हणाल्या, "ती बुजवली सर. भिंत आहे तिथे. बावीस वर्षं झाली."

"मग तिथून शोधतंय कोण?"

"...काय शोधतंय?"

मास्तरांनी वाचून दाखवलं. दोन मिनिटांत सिस्टर खाली आल्या. बसल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मी तेव्हा नवीन होते," त्या म्हणाल्या. "पुलावरून बस खाली गेली होती. पन्नाससाठ माणसं आणली एका रात्रीत. दोन वाजून गेले होते, तेव्हा एक बाई त्या खिडकीवर येऊन उभी राहिली. डोक्याला मार, पण कोणाला हात लावू देईना. आधी माझा मुलगा बघा, एवढंच. क्लार्क बिचारा तिनं सांगितलेल्या नावानं शोधत होता. पोराला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्याची नोंद अनोळखी म्हणून झालेली. वरच्याच मजल्यावर होता तो. क्लार्क म्हणत राहिला, थांबा बाई, शोध चालू आहे. तीन वाजता त्यानं मान वर केली, तर ती खिडकीच्या गजांना धरून... उभ्या उभ्याच गेली होती."

"आणि मुलगा?"

"त्याला विचारायला कोणी आलंच नाही. अनाथाश्रमात दिला."

जुन्या सगळ्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये आणल्या, त्याला तीन आठवडे झाले होते.

टेबलावरचा फोन वाजला. अपघात विभाग. "अहो, इथे स्क्रीन अडकलीय, पेशंट टेबलावर आहे!" दोन एकतीस झाले होते.

मास्तर म्हणाले, "बंद केलं तर परत येतंय. एकच उपाय आहे. शेऱ्यातल्या शब्दांची सूची बनवतो. शोध एका क्षणात पुरा होईल. सापडलं की थांबेल."

सिस्टर म्हणाल्या, "सापडलं की... काय करेल ती?"

मास्तर स्क्रीनकडे वळले. "बावीस वर्षांपूर्वीची नोंद आहे, सिस्टर. जुना कागद तेवढा सापडेल," असं म्हणाले आणि काम सुरू केलं.

सूची व्हायला तेरा मिनिटं लागली. वरून दोनदा फोन आला. दोन एक्कावन्नला सूची पुरी झाली. मास्तरांनी क्वेरी शेवटची बंद केली.

ती आली.

एक सेकंदही लागला नाही. एक ओळ. अनोळखी मुलगा, वय तीन, तीळ, एक बूट. त्याच्या पेशंट-नंबरापुढे, तो नंबर आज कुठे आहे तेही आलं होतं.

सध्या दाखल. दुसरा मजला. पुरुष वॉर्ड. खाट अकरा.

सिस्टर स्क्रीनजवळ वाकल्या. "अपेंडिक्सचा मुलगा... आश्रमात वाढलेला. तोच जुना नंबर घेऊन आला होता, दुसरा कागदच नाही त्याच्याकडे. काल ऑपरेशन झालं. चांगला आहे. सकाळी घरी सोडणार... बायको बाहेर बाकावर झोपलीय त्याची."

क्वेरी गेली. स्क्रीन मोकळी. फोन गप्प.

दोघं धावले.

पहिला जिना. दुसरा. मास्तर म्हणतात, इतकं शांत हॉस्पिटल त्यांनी कधी ऐकलं नाही. वॉर्डात दिवे मंद. माणसं झोपलेली. कोणी घोरत होतं, कोणी कण्हत होतं.

अकरा नंबरच्या खाटेवरून मात्र श्वासाचाही आवाज नाही.

सिस्टरनी मनगट धरलं. मानेवर बोटं ठेवून नाडी बघितली. मग छातीवर दोन्ही हात ठेवून जोर लावला. डॉक्टर आले. यंत्र आलं. वीस मिनिटं... नाही.

हृदय बंद पडलं, असं कागदावर लिहिलं. ऑपरेशननंतर कधी होतं म्हणे असं. पंचविशीतल्या, कधी खोकलाही न आलेल्या माणसाला. त्या रात्रीनंतर तिथल्या स्क्रीन कधी अडकल्या नाहीत. हॉस्पिटलनं मास्तरांना आभाराचं पत्र पाठवलं. त्यांनी ते न फोडताच मला दिलं. एकदाच बोलले माझ्याशी यावर. म्हणाले, "त्या रात्री टेबलावरचा पेशंट वाचला. मी हेच धरून बसतो. पण ती तीन आठवडे दारोदार हिंडत होती... आणि दार मी दाखवलं."

एक गोष्ट मात्र त्यांनी आपल्या रिपोर्टात लिहिली नाही.

त्याच्या बायकोला बाकावरून उठवून आत आणलं. बारीकशी पोर. ती रडली नाही आधी. नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, आणि हात मागे घेतला.

"यांचे केस कोणी विंचरले?"

सिस्टरनी वाकून बघितलं. मास्तरांनीही बघितलं.

केस ओले होते. पाणी लावून चापून बसवलेले. आणि एका बाजूला सरळ, बारीक भांग... तीन वर्षांच्या पोराला बाहेर नेताना पाडतात तसा.