अक्कांचं मृत्युपत्र कुणी हलवलं?

विनोदिनीबाई आल्या त्या उन्हातून चालतच. देवास गेटपाशी यज्ञेश्वरपंतांची खोली वरच्या मजल्यावर. जिना चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत.

"उद्या माझी तारीख आहे," त्या म्हणाल्या. "मृत्युपत्राची नक्कल दाखवली नाही तर राहतं घर जाईल. आणि मृत्युपत्र कचेरीतनं गायब झालंय."

"आधी बसा. गोपाळराव, पाणी द्या बाईंना."

यज्ञेश्वरपंत म्हणजे ग्वाल्हेर दरबारच्या पोलिसातले जुने जमादार. नोकरी सुटली, पण लोकांची कोडी सोडवायची खोड काही सुटली नाही. गोपाळराव शेजारचे ड्रॉइंग मास्तर. माणूस लाखाचा, पण गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागायचा.

झालं होतं ते असं. विनोदिनीबाईंच्या चुलत सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर विनोदिनीबाईंनीच अक्कांचं शेवटपर्यंत केलं. अक्कांनी माधव नगरचं घर त्यांच्या नावानं लिहून दिलं. दरबारच्या अमलात कोर्टानं ते मृत्युपत्र खरं धरलं आणि कागद कचेरीच्या दप्तरखान्यात गेला. नक्कल काढायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. पुढे दरबार गेला, मध्य भारत आला, आणि आता महिना-दीड महिन्यापूर्वी तोही मोडून मध्य प्रदेश झाला. अक्कांचा पुतण्या भय्यासाहेब आता म्हणतो, मृत्युपत्र नव्हतंच, घर माझं.

"बुधवारी दप्तरखान्यातल्या त्रिवेदीजींनी मिसल, म्हणजे मृत्युपत्राची सगळी फाईल, काढून खिडकीतनं मला दाखवली," बाई म्हणाल्या. "म्हणाले, कल नकल मिल जाएगी. काल गेले तर मिसल नाही!"

"दाखवली तेव्हा कोण कोण होतं?"

"मी, आमचे भाडेकरू मधुकरराव, आणि व्हरांड्यात भय्यासाहेब. मग त्रिवेदीजी चहाला गेले. मी निंबाखाली बसले. मधुकरराव नकलेच्या अर्जाला लावायची कोर्टाची तिकिटं आणायला गेले. ते बिचारे रोज माझ्याबरोबर येतात हो. भावासारखे."

"चोर तर समोरच दिसतोय," गोपाळराव म्हणाले. "भय्यासाहेब!"

"तुम्हाला फार लवकर दिसतं," यज्ञेश्वरपंत म्हणाले. "चला."

दप्तरखान्याच्या दाराशी त्रिवेदीजी उभे होते. वयस्कर माणूस, चेहरा पार उतरलेला.

"चप्पल बाहर, जमादार साहब."

दारावर दत्ताची तसबीर होती. ती कुणी लावली कुणाला ठाऊक नाही, पण दरबारच्या वेळेपासून आत जाणारा पायातलं काढूनच जायचा. गोपाळराव बूट काढून मोजेही काढायला लागले.

"मोजे रहने दो, मास्टर साहब. दीमक के लिए सोमवार को चूना डाला है. मेरे तलुए देखो, जल रहे हैं."

फरशीवर वाळवीसाठी टाकलेल्या चुन्याची पांढरी भुकटी पसरलेली होती. यज्ञेश्वरपंत उंबऱ्याशीच वाकले.

"झाडलं नाही?"

"झाडूवाला, चपरासी, सब इंदौर गए, दफ्तर के साथ. ताले की चाबी भी वही ले गया. कुंडी लगाके चाय पीने जाता हूँ. क्या करूँ?"

भुकटीत नुसत्या अनवाणी पावलांच्या खुणा होत्या. बुटाची एकही नाही. खिडकीजवळ टेबल. बुधवारी मिसल त्याच्यावर ठेवली होती. दाराच्या बाजूला लाल कापडात कागद बांधलेल्या बस्त्यांचा ढीग.

"हे काय?"

"रद्दी. छँट गई. कल सुबह जलाएँगे."

यज्ञेश्वरपंतांनी समोरच्याच बस्त्याच्या दोरीचं टोक ओढलं. सर्रकन् गाठ सुटली.

"सगळे तुम्हीच बांधलेत?"

"और कौन बाँधेगा? सुरगाँठ. रोज पचास बार खोलना पड़ता है, भाई."

"मिसल घेऊन कुणी बाहेर गेलं असेल?"

"ना! स्टाम्प चोरी हुए तबसे फाटक पर चौकीदार सबकी झोली, जेब, कमर, सब टटोलता है. मेरी भी." त्रिवेदीजींनी फाटकाकडे बोट दाखवलं. "अब साहब कहते हैं, मैंने ही पैसे खाए."

"भय्यासाहेब आत आले होते?"

"मंगल को आए थे. जूते समेत घुस रहे थे, मैंने रोक दिया. बोले, जूता नहीं उतरेगा. चले गए वापस."

भय्यासाहेब स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये उतरले होते. खुर्चीत बसलेले, पाय स्टुलावर, पायात घोट्यापर्यंत नाड्यांचे बूट.

"जमादार, आता तुम्ही मला विचारणार?" ते गुरगुरले. "आमच्या आजोबांच्या दारात तुमच्यासारखे दहा उभे असायचे."

"असतील. बूट काढत नाही का आपण?"

"संधिवात आहे! सकाळी नोकर चढवतो, रात्री उतरवतो. मधे हात लावला तर मी किंचाळतो. झालं समाधान?"

"आणि घराचं काय करणार?"

"मी ग्वाल्हेरला राहतो. त्या खुराड्याचं काय करू? ज्याला हवं त्याला विकीन. मागणारा आहे."

"कोण?"

"ते मी कशाला सांगू? निघा आता."

खाली आल्यावर गोपाळराव म्हणाले, "माणूस उद्धट आहे. मला तर तोच वाटतो."

"उद्धट असणं गुन्हा असता, तर आख्खं ग्वाल्हेर तुरुंगात गेलं असतं."

माधव नगरात अक्कांच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे मधुकररावांचं काष्ठौषधींचं दुकान. हसतमुख माणूस. भिंतीवर दत्ताची तसबीर, तिला कालच्या गुरुवारचा हार. गादीवर बसून पायाला आमसुलाचं तेल चोळत होते.

"या, या पंत! माफ करा हं, थंडीच्या भेगा. दर हिवाळ्यात टाचा फुटतात." बोलता बोलता बोटांच्या बेचक्यांत आणि तळव्याच्या खोलगटात तेल जिरवत होते. "बाईंचं काही कळलं का? मला तर रात्री झोप नाही."

"तुम्ही बुधवारी आत गेला होतात?"

"छे! मी तिकिटं आणायला गेलो. रांग होती ना. दप्तरखान्यात मी कधी पायच नाही टाकला."

गोपाळराव खोकले. मधुकररावांनी लगेच काढ्याची पुडी बांधली. दोरा दोनदा फिरवला आणि करकचून गाठ मारली.

"बाई पुढे काय करणार या घराचं?" पंतांनी विचारलं.

"बालवाडी काढायची म्हणतात. याच खोलीत." मधुकरराव हसले. "चांगलंच आहे."

रस्त्यावर आल्यावर गोपाळराव पुडी सोडायला गेले. नखं मोडली, दात लावले, गाठ हलेना.

"द्या इकडे," पंत म्हणाले आणि पुडी तशीच खिशात टाकली. "उद्या सकाळी सगळ्यांना कचेरीत बोलवा. ढीग पेटायच्या आत."

सकाळी सगळे व्हरांड्यात जमले. भय्यासाहेब टांग्यातून आले. अंगणात रद्दीचे बस्ते रचलेले, रॉकेलचा डबा शेजारी.

"मिसल फाटकाबाहेर गेलेली नाही," यज्ञेश्वरपंत म्हणाले. "चौकीदार जाऊ देत नाही. म्हणजे ती इथंच आहे. आणि इथं ठेवून कायमची नाहीशी करायची, तर जागा एकच."

सगळ्यांनी ढिगाकडे पाहिलं.

"हे तर त्रिवेदीजींनाच सोपं!" गोपाळराव म्हणाले.

"त्रिवेदीजींना हे करायचं असतं, तर बुधवारी खिडकीतनं मिसल दाखवलीच नसती. मिळत नाही म्हटलं असतं, विषय संपला. आणि बस्ता त्यांनी बांधला असता, तर गाठ कशी असती? ओढा बरं दोऱ्या, गोपाळराव. जी सुटणार नाही ती सांगा."

गोपाळराव ओढत सुटले. सर्र, सर्र, सर्र. मधल्या रांगेत एका बस्त्याला ओढ दिली आणि तो आख्खा हातात आला.

"निरगाठ!"

पंतांनी खिशातली पुडी त्याच्याशेजारी धरली. दोन फेरे, तीच करकचून गाठ. मग चाकूनं दोरी कापली. जुन्या खटल्यांच्या कागदांत अक्कांची मिसल सपाट पडली होती.

विनोदिनीबाई पायरीवर बसून अक्कांची सही शोधू लागल्या.

"अशी गाठ कुणीही मारील," मधुकरराव म्हणाले. हसू अजून होतं, पण सुकलेलं.

"मारील. म्हणूनच मी तुमचे पाय पाहिले. भेगा टाचांना पडतात, आणि तुम्ही टाचा सोडून तळव्यांना तेल लावत होतात. त्रिवेदीजींचे तळवे चुन्यानं जळताहेत, तुमचेही जळताहेत. आत पायच टाकला नाही म्हणता, मग चुना कुठं लागला? भय्यासाहेबांचे बूट दिवसा उतरत नाहीत, आणि आत बुटाची एक खूण नाही. जो गेला तो अनवाणी गेला."

"पण चोरी करताना चपला कोण काढतो हो?" गोपाळरावांनी विचारलं.

"ज्याला देवाचं भय आहे तो. मधुकरराव गुरुवार करतात. दत्ताच्या तसबिरीखालून पायताणानं जाणं त्यांच्यानं होईना. बाईंचं घर बुडवायला निघाला हा माणूस, पण चपला मात्र बाहेर काढून."

"घर मागणारा हाच," भय्यासाहेब एकदम म्हणाले. "मला काय माहीत, असले धंदे करील! मी दावा लढतोय, पण चोरी आमच्या घरात नाही."

मधुकररावांनी मान खाली घातली. "बालवाडी काढली की माझं दुकान उठणार, बाई. या वयात मी कुठं जाऊ?"

त्रिवेदीजी मिसल छातीशी धरून नक्कल करवून घ्यायला आत पळाले. तारीख दुपारची होती, वेळ पुरेसा होता.

विनोदिनीबाई उठल्या. पदर सावरला.

"मागच्या खोलीला गल्लीकडून दार काढायचं गवंड्याला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुकानासाठी. निकाल लागला की सांगणार होते. घर माझं ठरल्याशिवाय शब्द कसा द्यायचा, म्हणून थांबले."

मधुकररावांनी वर पाहिलं. "मग... आता?"

"आता त्या दारातनं मुलं येतील," विनोदिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही महिनाअखेर जागा मोकळी करा."