खडूने लिहिलेली दहा वर्षं

तो उतार इतका उभा होता की वरून टोपली निसटली तर थेट खालच्या रस्त्यावर जाऊनच दम घ्यायची. त्या सकाळी मात्र माणूस निसटला. ठमी द्राक्षवेलींच्या बुडाशी माती घालत होती, तेवढ्यात वरच्या टप्प्यावरून गुळगुळीत बुटांतला एक उंच तरुण बसल्या बसल्या घसरत तिच्या अंगावर आला. तिने एका हाताने वेलीचा खांब धरला आणि दुसऱ्या हाताने त्याची कॉलर.

"मी... वेली बघून तळघराकडे निघालो होतो," तो म्हणाला.

"वाट बरोबर आहे. घाई जरा जास्त झाली."

तिची भरलेली टोपली त्याने घसरता घसरता लवंडली होती. पावसाने वाहून गेलेली माती दरवर्षी टोपल्यांनी परत वर चढवायची, ही त्या उतारावरची रीतच. ठमीने रिकामी टोपली त्याच्या हातात दिली आणि चांगल्या चार खेपा करायला लावल्या. धापा टाकत का होईना, तो हसत होता... आणि हसला की त्याचा एक गाल जरा जास्तच वर जायचा. तिसऱ्या खेपेला कळलं, की एका मोठ्या हॉटेलसाठी वाइन चाखून निवडणारा, आज बाबांकडे यायचा तो पाहुणा हाच. चौथी टोपली ठमीने अर्धीच भरली.

कारण आज वेलींचा निकाल लागायचा होता. सगळ्यात वरच्या टप्प्यांवर सिराह जातीच्या काळ्या द्राक्षांच्या या वेली आईने लावल्या होत्या. त्यांची कोवळी वाइन इतकी उग्र, की पिणारा तोंड वाकडं करायचा. आई म्हणायची, हिला दहा वर्षं हात लावू नका, मग बघा. पण आई स्वतःच तेवढं थांबली नाही, आधीच गेली. तिने केलेल्या शेवटच्या वाइनला यंदा दहा वर्षं झाली होती. बाबांचे गुडघे आता चढायला नाही म्हणत होते. जाणत्या माणसाने चाखून चांगली म्हटलं तर वेली ठेवायच्या, नाहीतर उपटून टाकायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तळघरात चाखणाऱ्याने एक घोट घेतला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हे ठमीने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. जीभ आवळून धरते, तो हळूच म्हणाला, आणि रुमालाने ओठ टिपले. बाबांनी पेला खाली ठेवला. ठमी वर गेली आणि उपटल्या जाणाऱ्या वेलींना माती घालत बसली. दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

अर्ध्या तासाने कुणीतरी हातापायांवर वर येताना दिसलं. गुडघे मातीने माखलेले, हातात तोच रुमाल.

"आईची वाइन दहा वर्षांची ना? मग हा डाग शाईसारखा जांभळा कसा?" त्याला धड श्वास घेता येत नव्हता. "एवढ्या वर्षांत रंगाला विटकरी झाक यायला हवी. मला तिथेच कळायला हवं होतं... रस्त्यावर पोचल्यावर रुमालाकडे लक्ष गेलं."

ठमीला कालचं फडकं आठवलं. बाटल्यांना लेबल विकतानाच लागायचं, तोवर प्रत्येक थप्पीमागे भिंतीवर खडूने साल लिहिलेलं असे. पाहुणा येणार म्हणून काल तिने त्या भिंती ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या होत्या, आणि आकडे आठवतील तसे परत लिहिले होते.

"म्हणजे चूक माझ्या येण्याचीच," तो गंभीरपणे म्हणाला. तशाही स्थितीत तिला हसू फुटलं.

दोघं हात धरून उतरली. त्या उतारावर हात धरावाच लागतो. सपाटीवर आल्यावरही तो सुटला नाही, ही गोष्ट वेगळी.

शेजारच्या थप्पीतली बाटली उघडली. पेल्याच्या कडेला विटकरी झाक होती, वासाला ताज्या कुटलेल्या मिरीचा ठसका होता, आणि सगळा उग्रपणा मऊ होऊन गेला होता. चाखणाऱ्याने डोळे मिटले. बाबांनी एक घोट घेतला, मग आणखी एक.

"तिचंच खरं होतं," ते म्हणाले. "धीर मलाच नव्हता."

वेली राहणार होत्या. बाबा डोळे पुसत बाहेर गेले, तेव्हा ठमी म्हणाली, "एवढा चढ कुणी पुन्हा चढून आलं नसतं. तुमचे उपकार..."

"मला तुमच्या आईचे आभार मानायचेत. त्यांनी इतक्या वर वेली लावल्या नसत्या तर मी कुठे घसरलो असतो?"

त्याने खडू उचलला आणि यंदाच्या थप्पीमागे साल नव्याने लिहिलं. त्याखाली लिहिलं: दहा वर्षांनी उघडायची, दोघांनी.

"खडू आहे तो," ठमी म्हणाली. "पुसला जातो."

"म्हणून तर दरवर्षी येऊन पुन्हा लिहीन."

तिने त्याच्या हातातला खडू काढून घेतला. "दरवर्षी येण्यापेक्षा... राहाच ना इथे."

"राहतो," तो म्हणाला. इतकं पटकन, की ती लाजायचंसुद्धा विसरली.

दारात बाबा उभे होते. किती ऐकलं कोण जाणे. त्यांनी आपले जाड तळव्यांचे जुने बूट त्याच्यापुढे ठेवले.

"हे घाल," ते म्हणाले. "माझे पाय आता वर जात नाहीत."

बूट एक माप मोठे होते. त्याने ते मुकाट्याने घातले, नाड्या घट्ट बांधल्या, आणि ठमीच्या मागोमाग टोपली घेऊन चढायला लागला.