जो कुणी मोकळा असेल

त्या दुपारी मला दोनच कामं होती. आईला डबा पोचवायचा आणि वॉर्डच्या सर्व्हरवर घंटीची नवी आवृत्ती चढवायची.

आईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, हात गळ्यात बांधलेला. खाट नंबर नऊ. घंटी म्हणजे आमचा प्रोग्राम, माझा आणि दाढीचा. दाढी हा माझा कॉलेजातला मित्र. त्याच्या नावाची आठवण बहुधा त्याच्या आईलाच असेल. पूर्वी एकदा याच वॉर्डात एका म्हाताऱ्या माणसाला पाण्यासाठी हाका मारून मारून झोपी गेलेलं मी पाहिलं होतं, आणि माझं डोकं फिरलं होतं. माणसाने हाक मारली की कुणीतरी यायलाच हवं. यात अवघड काय आहे? म्हणून आम्ही ते फुकटात बनवून दिलं.

रचना सोपी होती. रुग्णाने कळ दाबली की नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटायचं, 'बोलावलं'. नर्सने खाटेपाशी जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं की 'पोहोचले'. काम उरकून परत दाबलं की 'पूर्ण'. कुणीच गेलं नाही तर हाक पुढे सरकायची, टेबलावरच्या सिस्टरांकडून दुसऱ्या सिस्टरांकडे, तिथून मेट्रनकडे. "आणि मेट्रनही नसल्या तर?" असं दाढीने विचारलं, तेव्हा मी वैतागून कोडमध्ये शेवटची ओळ टाकली होती: 'जो कुणी मोकळा असेल'. दाढी हसला होता. असा मोकळा माणूस सापडला तर मलाही कळव म्हणाला. ओळ तशीच राहिली.

चाचणीसाठी मी एक खोटी खाट केली होती, शून्य नंबरची. वॉर्डात ती नव्हती, फक्त माझ्या कोडमध्ये होती. नवी आवृत्ती चढवली की शून्यावरून एक हाक मारायची, ती पडद्यावर दिसली की लगेच रद्द करायची. सिस्टरांना ठाऊक होतं की शून्य म्हणजे मी. त्या मानही वर करत नसत.

डबा खाऊन झाल्यावर आई म्हणाली, जरा वेणी घालून दे, एका हाताने जमत नाही. मी म्हटलं, आलेच, एवढं चढवून येते. सिस्टरांच्या टेबलाशी बसून मी लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर ओळी भराभर वर सरकल्या, कोडचा चालता प्रोग्राम, म्हणजे बिल्ड, विनातक्रार तयार झाला. शून्यावरून हाक मारली. तेवढ्यात दाढीचा फोन आला आणि बोलता बोलता ती रद्द करायचं राहून गेलं.

पाहिलं तेव्हा पडद्यावर होतं: शून्य, पोहोचले.

"शून्याला बटणच नाहीये," मी वाचून दाखवल्यावर दाढी फोनवर म्हणाला.

"म्हणून तर तुला विचारतेय."

जुना काहीतरी कचरा राहिला असेल, त्याचं म्हणणं. ती खाटच काढून टाक आणि परत चढव. मला पटलं. शून्य नंबर कोडमधून पुसला, पुन्हा बिल्ड केला, चढवला.

दुपारच्या विश्रांतीची वेळ होती. खाटांभोवतीचे पडदे ओढलेले. फिनेलचा वास, आणि पंख्याची एकसारखी टकटक... मग ती टकटकही ऐकू येईनाशी झाली, किंवा माझं लक्ष दुसरीकडे गेलं. टेबलावरच्या पडद्यावर नवी ओळ उमटली होती.

नऊ, पोहोचले.

वर 'बोलावलं' नव्हतंच. आईने कळ दाबलीच नव्हती.

"सिस्टर, नऊला कोण गेलंय?"

"कोण जाणार? मी ही इथे, आणि ती खाली औषधं आणायला गेलीय."

नऊ नंबरचा पडदा हलत होता. बाकीचे सगळे स्थिर होते.

मी पडदा सारला. आई एकटीच बसली होती, भिंतीकडे तोंड करून. केसांचे तीन पेड नीट काढलेले, वेणी मानेपर्यंत घातलेली. आणि खालचे केस... खालचे केस अजून हळूहळू वळत होते.

"आई..."

"हळू बोल," आई म्हणाली. "बाई घालतायत ना. हात गार आहेत गं त्यांचे. म्हणाल्या, माझी तिकडची खाट काढून टाकली, आता मी इथेच थांबते."

मी धावत टेबलाशी आले. जुनी आवृत्ती परत चढवायची होती, शून्यासकट. बोटं चुकीच्या कळांवर पडत होती. मशीनने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. ओळी सरकेनात... मग सरकल्या. शून्यावरून हाक मारली आणि यावेळी मुद्दाम रद्द केली नाही. हाक सिस्टरांकडे गेली, दुसऱ्या सिस्टरांकडे, मेट्रनकडे... आणि तिथून पुढे.

शून्य, पोहोचले.

नऊची ओळ पुसली गेली. तिकडे खाटेचा पडदा हलायचा थांबला. आईची वेणी अर्धीच राहिली होती. मी ती सोडवली, केसांना नुसतं रबर लावलं. पुन्हा वेणी घालायचं धाडस झालं नाही.

आई घरी आली. तिकडे शून्य नंबरची खाट अजून आहे, आणि तिच्यावरून आपोआप हाक जात राहील अशी सोय मी केली आहे. म्हणजे त्या बाई तिथेच राहतील. दाढी आता यावर विनोद करत नाही.

परवा दुसऱ्या एका दवाखान्याने घंटी मागितली. मी कोरा प्रोग्राम लिहायला घेतला, तोही दिवसाउजेडी, घरच्या जेवणाच्या टेबलावर. शेवटची ओळ लिहिलीच नाही. मेट्रनच्या पुढे कुणी नाही म्हणजे नाही. वॉर्ड नाही, तारा नाहीत, बटणं नाहीत, नुसता लॅपटॉप. आतून आईने हाक मारली, वेणीसाठीच. मी म्हटलं, आलेच. आणि सवयीने ठेवलेल्या शून्य खाटेवरून चाचणीची हाक मारली.

बोलावलं.

पोहोचले.

मी हात मागे घेतला. वॉर्डात शून्यापुढे जे कधीच उमटलं नव्हतं, ते माझ्या डोळ्यांसमोर उमटलं.

पूर्ण.

मी आत धावले. आई ठीक होती. हात गळ्यात, उशीला टेकून आरामात बसलेली. खांद्यावरून पुढे घेतलेली लांब वेणी टोकापर्यंत घातलेली, घट्ट, आणि हात लावला तर गार.

"तुला वेळ नव्हता ना," आई म्हणाली. "त्याच बाई आल्या होत्या. विचारत होत्या, मला सारखं कोण बोलावतं? मी तुझं नाव सांगितलं."